शाफ्टचे साडेतीन फेरे

गाडीच्या शाफ्टचे फेरे मोजले आणि त्यात माझं माहेर तुटलं, असं सांगितलं की माणसं आधी हसतात. हसा बाप्पा. दुसऱ्या कोणाच्या घरची गोष्ट असती तर मीही पदर तोंडाला लावून हसले असते.

आणीबाणीच्या आधीची एक दिवाळी होती. आम्ही तेव्हा उमरेड रोडवर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. समोर अंगण, अंगणात कडुनिंब आणि कडुनिंबाखाली आमच्या ह्यांची टॅक्सी. ह्यांचं घराणं उमरेडकडचं, शेतीवालं. भावाभावांत शेत पुरेना म्हणून हे नागपूरला आले, काही वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली आणि मग स्वतःची घेतली. जुनीच, पण स्वतःची. खाणीवरचे साहेब, लग्नाची वऱ्हाडं, मेडिकलला न्यायचे पेशंट, जे मिळेल ते. गाडीवर इतका जीव की सकाळी तोंड धुवायच्या आधी तिच्या काचा पुसायचे. मी एकदा म्हटलं, "माह्या तोंडाकडे एवढं पाहत जा कधी." तर म्हणाले, "तुह्या तोंडावर धूळ नाही बसत वं."

माझं माहेर गावाच्या दुसऱ्या टोकाला, हिंगण्याला. तिकडे कारखाने उभे राहू लागले तसं माझ्या मोठ्या भावानं रस्त्याच्या कडेला टिनाचं शेड टाकून गॅरेज काढलं होतं. वडील आम्ही लहान असतानाच गेले. घरी माय, दादा आणि वहिनी. उमरेड रोडवरून हिंगण्याला जायचं म्हणजे काही काशी-रामेश्वर नव्हतं, एक बस बदलली की पोचलं. पण आमच्यात सूनबाई उठली आणि आपल्या मनानं माहेरी निघाली, असं चालायचं नाही. भाऊ न्यायला येणार, नवरा 'जा' म्हणणार, मग जायचं. दर दिवाळीला दादा यायचा. यायचा मला न्यायला, पण आल्या आल्या आधी हे दोघं गाडीचं टोपण उघडायचे आणि त्यात डोकं घालून बसायचे. मी चहा घेऊन उभी, तरी कोणाचं डोकं वर येत नसे. साळा-जावई असे की सख्खे भाऊ वाटावेत, आणि मला त्याचा फार अभिमान होता. शेजारणीला मी मुद्दाम दाखवायची.

त्या पावसाळ्यात गाडी दुरुस्तीला दादाकडे होती. इंजिनाचं काम मोठं निघालं, मागचे टायरही गेले होते. तेव्हा टायर मिळायची मारामार. आमच्या गाडीच्या मापाचे मिळाले नाहीत म्हणून दादानं जरा मोठ्या मापाचे बसवले, आणि तसं सांगितलंही. "जवाईबापू, मापाचे आले की बदलून देतो, तोपर्यंत चालवा." हे हो म्हणाले. गाडी घरी आली, मी चाकांना हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, सगळं यथासांग झालं.

पण आठवडाभरानं ह्यांचं तोंड उतरलं. गाडी सपाटीला छान पळायची, पण भरलेली असली आणि चढ लागला की दम सोडायची. पहिल्यांदा वाटलं, इंजिन नवं बसलंय, मोकळं होईल. नाही झालं. आता इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये काय काय असतं हे मला या भांडणापायीच कळलं, म्हणून सांगते. इंजिनाकडून मागे एक लांब लोखंडी नळा येतो, त्याला शाफ्ट म्हणतात. तो मागच्या दोन चाकांच्या मधल्या गोळ्यात शिरतो. त्या गोळ्यात एक मोठं दातेरी चक्र असतं, त्याला क्राऊन म्हणतात, आणि त्याला फिरवणारं एक छोटं. चाकाचा एक फेरा व्हायला शाफ्टला किती फेरे घ्यावे लागतात, त्यावर गाडीचा स्वभाव. फेरे जास्त असले तर गाडी जोर लावते पण पळत नाही, कमी असले तर पळते पण चढाला रडते. आमच्या गाडीचे साडेचारच्या जरा वर होते. टॅक्सी स्टँडवर हे सगळ्यांना पाठ होतं, जसं आपल्याला पाढे.

स्टँडवर एक जुना ड्रायव्हर होता. मेल्यानं दुसऱ्याच्या चुलीत लाकूड सारायचंच व्रत घेतलं होतं. त्यानं ह्यांच्या डोक्यात भरवलं. "तुह्या साळ्यानं क्राऊन बदलला गा. जोराच्या क्राऊनले खाणीवर ट्रॉली ओढणारे लोक टपून बसले असतात. तुहा चांगला काढून त्यांले देला अन् तुले भंगारातला लावून देला." हे तेव्हा त्याच्या अंगावर धावून गेले म्हणे. पण शब्द कानात शिरला तो शिरलाच. आणि माझा नवरा असा होता की सवारीची विसरलेली छत्री द्यायला रात्रीचा पुन्हा उमरेडला जायचा. स्वतः कोणाचं एक पान घेतलं नाही, म्हणून आपल्याला कोणी फसवलं असेल ही कल्पनाच त्याला सोसायची नाही. वाईट माणूस नव्हता हो. तापट होता, आणि एकदा मनात घेतलं की घेतलं.

त्याच जुन्या ड्रायव्हरनं गोळा न खोलता पाहायची रीतही सांगितली. गोळा खोलायचा म्हणजे दिवसभराचं काम, त्यातून तेल वाया. त्यापेक्षा सोपं आहे. पुढच्या चाकांना दगड लावायचे, गाडी न्यूट्रल करायची, हँडब्रेक सोडायचा. मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर राहू द्यायचं. उचललेल्या चाकावर खूण करायची, खाली शाफ्टवरही खूण करायची. मग एकानं चाक हातानं फिरवायचं आणि दुसऱ्यानं गाडीखाली पडून शाफ्टचे फेरे मोजायचे. चाक पूर्ण दोनदा फिरवायचं, कारण दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असतं, त्यामुळे एका फेऱ्याला शाफ्ट निम्माच फिरतो. दोन फेऱ्यांत शाफ्टचे जितके होतील, तो त्या क्राऊनचा आकडा. रीत बरोबर होती. आजही कोणीही करून पाहावी.

धनतेरसच्या आदल्या दिवशी सकाळी दादा मला न्यायला आला. हातात मायनं दिलेली पिशवी, अंगावर धुतलेला पांढरा सदरा. माझी पेटी आदल्या दिवसापासून भरून दाराशी ठेवलेली. पाहते तर ह्यांनी गाडी आधीच जॅकवर चढवलेली, आणि स्टँडवरचे सात-आठ जण अंगणात जमलेले. तो जुना ड्रायव्हरही होता, कडुनिंबाला टेकून, जसं काही त्याच्याच घरचं कार्य आहे.

"हे काय होऊन राहिलं?" दादानं विचारलं.

"काही नाही साळेबुवा. क्राऊन पाहून राहिलो." ह्यांचा आवाज मला आवडला नाही. "तुम्ही आलेच आहात तर उभे राहा. तुमच्या समोर झालेलं बरं."

दादाच्या लक्षात यायला क्षण लागला. चेहरा पडला त्याचा. मी काही बोलणार तर हे मला म्हणाले, "तू चाक फिरव. दुसऱ्या कोणावर माहा भरोसा नाही." बघा म्हणजे! भावावरच्या आळाची परीक्षा, आणि चाक फिरवणार बहीण. पण मनात म्हटलं, फिरवते, आत्ताच काय ते होऊन जाऊ दे, साडेचार निघतील, हे दादाला मिठी मारतील आणि मी माझी पेटी उचलीन.

खडू नव्हता, म्हणून तंबाखूच्या डबीतल्या चुन्यानं खुणा केल्या. एक चाकावर, एक खाली शाफ्टवर. हे बारदाना अंथरून गाडीखाली शिरले. शिरायच्या आधी गाडीला हात लावून नमस्कार केला. गाडी म्हणजे ह्यांच्या लेखी लक्ष्मी, आणि दिवाळी तोंडावर आलेली. मी पदर खोचला आणि चाक फिरवू लागले. जड होतं. माझं सगळं लक्ष चुन्याच्या खुणेवर, ती वर आली की एक, पुन्हा वर आली की थांबायचं. हे खाली तोंडातल्या तोंडात मोजत होते, मला नुसती गुणगुण ऐकू येत होती. दादा माझ्यापासून हातभरावर उकिडवा बसला होता, मान वाकवून गाडीखाली पाहत.

माझे दोन फेरे झाले. मी थांबले. हे बाहेर आले, पाठीला माती, कपाळाला काळं.

"साडेतीन," म्हणाले. "साडेतीनच्या जरा वर."

दादाच्या तोंडाकडे मी पाहिलं. त्यानं तोंड उघडलं होतं. काहीतरी बोलणार होता, नक्की बोलणार होता. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, जमलेल्या लोकांकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"माह्या गाडीचा क्राऊन कुठं गेला, साळेबुवा?"

"मी नाही बदलला, जवाईबापू."

"मंग फेरे खोटं बोलतात काय?"

"दादा, बोल ना काही!" मी ओरडले. "काहून गप्प बसला?"

दादानं एवढंच म्हटलं, "मी नाही बदलला. तुमचा भरोसा नसंल तर मले बोलायचं नाही." मायची पिशवी त्यानं ओट्यावर ठेवली, त्यात अनारसे होते, आणि तो गेला. हे मागून म्हणाले की आता या घरची बाई त्या घरी जाणार नाही आणि त्या घरचा माणूस या अंगणात येणार नाही. सर्वांदेखत म्हणाले. माणूस लोकांसमोर बोलला की ते परत घेणं किती कठीण होऊन बसतं, ते मी पुढे बघितलं.

मी पेटी उघडली आणि लुगडी परत दांडीवर टाकली. रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. ह्यांनी मनवलं, हात जोडले, पण शब्द मागे घेतला नाही. "मी माह्या हातानं मोजलं वं," हेच एक. मी तरी काय बोलणार? चाक मीच फिरवलं होतं, दोन फेरे बरोबर फिरवले होते. आणि खरं सांगू, कधी कधी माझ्याही मनात पाल चुकचुकायची. दादा निर्दोष होता तर गप्प का बसला? खरं असतं तर तिथंच गाडीखाली शिरून स्वतः मोजलं नसतं? या विचाराचं मला आज इतकं वाईट वाटतं.

मग भाऊबीजा आल्या आणि गेल्या. मी चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात ना, तशी. हिंगण्याच्या कारखान्यातले कोणी रस्त्यात भेटले की दादाची खबर विचारायची. गॅरेज वाढलं, त्याला मुलगा झाला, मायचे गुडघे दुखतात, हे सगळं मला बाहेरच्यांकडून कळायचं. मला मुलगी झाली तेव्हा बाळंतपण सासूनं केलं. जीव लावून केलं, तक्रार नाही, पण पहिल्या बाळंतपणात माय जवळ नाही म्हणजे काय, हे बाईच जाणे. गाडीचे टायर पुढे झिजले, ह्यांनी मापाचे टाकले, तेव्हा गाडी चढाला पुन्हा नीट ओढू लागली. मी म्हटलं, "पाहा, टायरचंच होतं." तर म्हणाले, "इंजिन मोकळं झालं." हट्टापुढे काय बोलणार, बाप्पा.

माय एकदाच आली. भर उन्हाळ्यात, दुपारी, दोन बसा करून, एकटी. हे सवारी घेऊन गेलेले. ती ओट्यावरच बसली, आत आली नाही. नातीला मांडीवर घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मी नुसती रडत होते. पंख्यानं तिला वारा घालत होते आणि रडत होते. आणि माय इकडचं तिकडचं बोलून मध्येच विचारते काय, "बाई, तुमच्या घरी धान कसं मोजतात वं?"

मला असा राग आला! इतक्या वर्षांनी आली, आणि विचारून काय राहिली. म्हटलं, "मले काय माहीत? आमच्यात बायका राशीजवळ जात नाहीत. एवढ्या उन्हात धानाची चौकशी करायले आली काय वं माय? तू पाणी पी आधी."

ती पाणी प्यायली. कडुनिंबाखालच्या मोकळ्या जागेकडे, जिथे गाडी उभी राहते तिकडे, बराच वेळ पाहिलं आणि चारच्या बसनं परत गेली.

त्यानंतरच्या वर्षी ती गेली. झोपेत गेली. हिंगण्याहून एक जण मोटरसायकलवर निरोप घेऊन आला. ह्यांनी लगेच गाडी काढली, आणि त्याच गाडीत बसून मी मायचं शेवटचं तोंड पाहायला गेले. हे घाटावर आले, खांदाही दिला, पण दादाच्या घराची पायरी चढले नाहीत. दादाही चढा म्हणाला नाही. मी तेराव्यापर्यंत राहिले, पण त्या दिवसाचं नाव ना मी काढलं ना दादानं. वहिनी म्हणाली, भाऊबीजेला माय सकाळपासून ओट्यावर बसायची, रस्त्याकडे तोंड करून. कोणी गाडीवाला वळला की उठून उभी राहायची. कशाला सांगितलं वहिनीनं मला हे? पण तिलाही कोणाला तरी सांगायचं असणार.

मग सासरे गेले. तोवर गावची वाटणी सासरेच करायचे. खळ्यावर रास मोजायची, आमच्या हिश्शाची पोती शिवून नागपूरला पाठवायची. ते गेल्यावर त्या वर्षी दिरानं तूर न मोजताच बैलबंडीत भरून, मग ट्रकवर टाकून पाठवली आणि निरोप दिला, तिथंच मोजून घ्या अन् बहिणीचा वाटा काढून ठेवा. रंगीत टीव्ही लोकांच्या घरात दिसू लागले होते, तेव्हाची गोष्ट. हे अंगणात ताडपत्री अंथरून पायली घेऊन बसले. मी दारात सुपात तांदूळ निवडत होते. शहरातल्या अंगणात कसली आली राशीची शिवाशिव, म्हणून मी तिथंच बसले.

ह्यांनी राशीला नमस्कार केला. पहिली पायली भरली, "लाभ" म्हणाले आणि ती बाजूच्या टोपल्यात ओतली. दुसरी भरली आणि पोत्यात टाकताना म्हणाले, "एक." तिसरी, "दोन."

मला हसूच आलं. "अहो, दोन कशाचे? लाभ झाला, मग दोन, अन् ही तिसरी. तीन म्हणा."

"लाभ मोजत नाहीत वं. पहिलं माप देवीचं. ते वेगळं काढायचं अन् मंग एकापासून. बाबा असंच करत."

"आमच्या हिंगण्याले पहिल्या मापालेच लाभ म्हणतात. 'एक' म्हणायचं नाही म्हणून लाभ. पण ते माप मोजण्यात धरतात. लाभ, दोन, तीन, चार."

"तुमच्याकडचं तुमच्याकडे," म्हणाले आणि पुढची पायली भरू लागले. तीन. चार. मीही पुन्हा सुपात मान घातली. घरोघरच्या रीती वेगळ्या, यात बोलण्यासारखं काय होतं?

काय झालं कोण जाणे. माझा हात तांदळात थांबला. ते वाकलेले, तोंडातल्या तोंडात गुणगुणत मोजणारे, आणि ती गुणगुण मी कुठे ऐकली होती, ते मला आठवलं.

"अहो," मी म्हटलं. "गाडीखाली कसं मोजलं होतं तुम्ही?"

"कधी?"

"दादा आला होता तेव्हा."

त्यांनी वर पाहिलं. पायली हातात तशीच, अर्धी भरलेली. रुपये, आणे, फेऱ्या, पेट्रोलचे डबे, हे सगळं ते चारचौघांसारखं एकापासूनच मोजायचे. पण त्या दिवशी गाडीला हात लावून, नमस्कार करून, लक्ष्मीचं माप घ्यायला बसल्यासारखे खाली शिरले होते. पहिला फेरा देवीला सोडला होता. मला काही बोलावं लागलं नाही. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरताना मी पाहिला. पायली ताडपत्रीवर कलंडली.

त्यांनी जॅक काढला. गाडी आता म्हातारी झाली होती, पण गोळा तोच, कधी न उघडलेला. मी म्हटलं, "आज मी खाली जाते. तुम्ही चाक फिरवा." लुगडं सावरून मी बारदान्यावर पडले आणि गाडीखाली सरकले. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "अवं, काय करून राहिली?" शाफ्टवर चुन्याची खूण केली. हे चाक फिरवू लागले, हळूहळू, आणि मी मोठ्यानं मोजलं. एक. दोन. तीन. चार. आणि मग अर्ध्याच्या थोडं पुढे जाऊन खूण थांबली.

मी खालीच पडून राहिले. चाकापाशी त्यांचे पाय दिसत होते. ते खाली बसले आणि तळहातांनी तोंड झाकून रडले. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं, तेही गाडीखालून.

दुसऱ्या दिवशी आम्ही हिंगण्याला गेलो. गॅरेज मोठं झालं होतं, आत तीन गाड्या उभ्या. दादाचे केस पांढरे झालेले. ह्यांना दारात पाहून तो हातातला पान्हा खाली ठेवायला विसरला. हे तिथेच, कामगारांसमोर, हात जोडून उभे राहिले. "साळेबुवा, माहं मोजणं चुकलं. मी पहिला फेरा धरलाच नाही. साडेचारच होते." लोकांसमोर बोललेलं लोकांसमोरच परत घ्यायचं, हे त्यांनी येताना रस्त्यात ठरवलं होतं.

दादानं त्यांचे जोडलेले हात धरले. "राहू द्या जी, जवाईबापू. मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?" मी विचारलं.

"मी बाजूलेच बसलो होतो ना वं. जवाईबापूनं खाली म्हटलं, लाभ, एक, दोन, तीन. मी माह्या कानानं ऐकलं. अन् साडेतीनचा क्राऊन त्या गोळ्यात बसतच नाही."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि माझ्या डोक्यात अशी आग गेली की काय सांगू. नवऱ्याचं चुकलं होतं, पण ते समजण्यासारखं होतं. हा माणूस सगळं ऐकून, सगळं समजून, तोंड मिटून अनारसे ठेवून निघून गेला होता!

"तुले माहीत होतं? तेव्हापासून? अन् मले चंद्राले ओवाळायले लावलं एवढी वर्षं?"

"आठ माणसं उभी होती अंगणात," दादा म्हणाला. "जावयाले सर्वांदेखत खोटं पाडलं असतं तर तुले त्याच घरात राहायचं होतं. राग कोणावर निघाला असता? मी आपलं म्हटलं, राहू दे."

"माह्यासाठी गप्प बसला? मले विचारलं होतं काय कोणी? मी काय मेली असती काय दोन दिवस बोलणी खाऊन?" मी त्याच्या छातीवर मुठी मारत होते. भाऊ एवढा, मुलाचा बाप, आणि मी लहानपणी मारायची तशी मारत होते. "दुसऱ्या दिवशी यायचं होतं! एकट्याले येऊन सांगायचं होतं! निदान मायले तरी सांगितलं असतं, ती तरी मले..."

"मायले त्याच दिवशी सांगितलं," दादा म्हणाला.

माझे हात थांबले.

"म्हटलं, उद्या जाऊन जवाईबापूले सांगतो. माय म्हणाली, गप राह्य. साळ्यानं चूक दाखवली तर जावई जन्मभर मनात ठेवते. त्याचं त्याले समजू दे नाहीतर बाईच्या तोंडून समजू दे. नवरा-बायकोत झालं तर चालते." त्यानं गळ्यातल्या फडक्यानं डोळे पुसले आणि ग्रीस गालाला लागलं. "तुह्याकडे आली होती ना एकदा, उन्हाळ्यात. त्याच्यासाठीच आली होती. परत आली अन् म्हणाली, मी विचारलं होतं, पण बाईच्या ध्यानात नाही आलं. दुःखात आहे पोट्टी, म्हणे."

हे काहीतरी बोलत होते, वहिनी आतून धावत आली होती, कोणीतरी माझ्यापुढे स्टूल सरकवलं. मला फक्त आमचा ओटा दिसत होता. ते ऊन, नातीच्या केसांतून फिरणारा मायचा हात, गुडघे दुखत असताना दोन बसा करून आणलेला तो एवढासा प्रश्न. तुमच्या घरी धान कसं मोजतात वं बाई? आणि मी तिला म्हटलं होतं, तू पाणी पी आधी. ती पाणी प्यायली आणि पुन्हा काही विचारलं नाही.